टेपावरचा हिरवा ठिपका

भोरच्या एसटी स्टँडवर करवंदं आली आहेत. पानांचे द्रोण, त्यांत काळी टपोरी करवंदं, वर एखादं लालच राहून गेलेलं, आणि टोपलीमागं उन्हानं डोळे बारीक करून बसलेली बाई. तीन आठवड्यांपूर्वी शाळेतून येताना थांबलो.

"कुठली हो मावशी?"

"टेपावरची. घ्या की सर, ग्वाड हायती."

मी द्रोण उचलला आणि परत ठेवला. बाई माझ्या ओळखीची नव्हती. टेप म्हणजे डोंगराच्या खांद्यावरचा सपाट माळ. वेल्ह्याच्या अंगाला असे टेप किती आहेत त्याला गणती नाही, आणि पुष्कळ टेपांवर पाच-सात घरांचा धनगरवाडा आहे. तरी माझा हात मागं आला. "नगं तर नगं," ती म्हणाली आणि द्रोण पुन्हा नीट रचून ठेवला.

घरी आलो तर मोबाईलवर तहसील कचेरीतून निरोप होता. 'सर, टंचाईच्या बैठकीसाठी नकाशा तयार ठेवा. गेल्या वर्षीसारखाच.'

गेल्या वर्षीसारखाच. मी खुर्चीत बसून राहिलो. सुनंदानं, माझ्या बायकोनं, दोनदा जेवायला बोलावलं. तिसऱ्यांदा दारात उभी राहून म्हणाली, "उन्हाळा आला की तुम्ही असे घुम्यासारखे का होता? गेल्या वर्षीपासून बघतेय."

तिला मी वर्षभर काही सांगितलं नव्हतं. ते आता लिहितो आहे.

मी भोरच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. पंचेचाळिशी उलटल्यावर मला संगणकावर नकाशे करायचा नाद लागला. इंटरनेटवर फुकटचे धडे असतात. ते बघत, थांबवत, मागं नेत शिकलो. फळ्यावर खडूनं काढलेला नकाशा नुसता बघायचा असतो. हा नकाशा बोटाला उत्तर देतो. ठिपक्यावर बोट ठेवलं की गावाचं नाव उमटतं, आकडा उमटतो. खाली एक पट्टी. ती सरकवली की आठवडे पुढं सरकतात आणि फेब्रुवारीत हिरवे असलेले ठिपके मार्चात पिवळे, एप्रिलात नारिंगी आणि मे महिन्यात लालभडक होतात. पहिल्यांदा पट्टी सरकली आणि सगळा भोर-वेल्हा माझ्यासमोर वाळत गेला, तेव्हा मला आनंद झाला होता. गावं कोरडी पडताना बघून आनंद. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आकडे माझे नव्हते. कुठल्या गावानं कुठल्या आठवड्यात पाण्याच्या टँकरच्या किती खेपा मागितल्या, याचे तक्ते सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुले असतात. गावांच्या जागा घेतल्या जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेल्या एका खुल्या नकाशावरून. दोन्हींची सांगड घालण्यात महिने गेले. एकीकडे 'बुद्रुक' असतं, दुसरीकडे नुसतं 'बु.'. एकीकडे वाडीच्या नावात काना असतो, दुसरीकडे नसतो. संगणकाला ती दोन वेगळी गावं वाटतात. शाळा सुटल्यावर मी एकेक नाव जुळवत बसायचो. सुनंदा चहा ठेवून जाताना म्हणायची, "मुलीच्या पत्रिका इतक्या जुळवल्या असत्यात, तर सोनं झालं असतं."

आणि मग मी एक गोष्ट मायेपोटी केली. तक्ता महसुली गावांचा होता. त्यात धनगरवाडे नव्हते. डोंगरावरची घरं खालच्या गावातच धरलेली. खालचं गाव धरणाच्या पाण्याला टेकलेलं, वरचा वाडा तासाभराच्या चढावर, आणि आकडा दोघांचा एकच. मला ते पटेना. तक्त्यात नाहीत तर नाहीत, म्हणून मी वाड्यांचे ठिपके माझ्या हातानं नकाशावर टाकले. पहिला टाकला तो टेपावरच्या धनगरवाड्याचा, कारण तिथं मी तीन वर्षं काढली होती.

माझी पहिली नोकरी तिथल्या वस्तीशाळेत. सात घरं, नऊ मुलं, चाळीसेक म्हशी आणि अगणित शेरडं. आठवतो तो वास: शेणाचा, ताकाचा, ओल्या घोंगडीचा. पण त्या तीन वर्षांतून सगळ्यांत जास्त काय उरलं असेल, तर झऱ्यावरची सकाळ.

उन्हाळ्यात तो झरा म्हणजे खडकातली एक खोबण. पाणी झिरपून ओंजळभर साठायचं. नारळाच्या करवंटीनं ते उचलायचं, हंड्यात ओतायचं आणि पुन्हा साठेपर्यंत थांबायचं. पहाटेपासून हंड्यांची रांग. त्या रांगेत हंड्यांच्या मध्येमध्ये दगड ठेवलेले असायचे. मी नवा होतो. एकदा वाटेतला म्हणून एक दगड उचलून बाजूला टाकला, तर भागावहिनी ओरडल्याच.

"गुर्जी, ठिवा त्यो जाग्यावर. कोंडिबाचं घर हाय ते."

कोंडिबा म्हणजे त्यांचा दीर. तो दोन दिवस म्हशी घेऊन पलीकडच्या रानात होता, बायको तापानं पडलेली. घरातलं कुणी येऊ शकलं नाही, तर त्या घराचा दगड रांगेत लागतो. प्रत्येक घराचा दगड ठरलेला. भागावहिनींचा काळा, चपटा, मधून पांढरी रेघ गेलेला. दगडाची पाळी आली की मागच्या माणसानं आधी त्या घराचा हंडा भरायचा, मग आपला. तीन वर्षांत त्यावरून भांडण झालेलं मी पाहिलं नाही. वहिनींचा नवरा लवकर गेला होता, त्या एकट्या राहायच्या, आणि जिभेला धार होती. माझ्या हातात करवंटी आली की म्हणायच्या, "गुर्जींची करवंटी म्हंजी बारशाचा पाळणा. हलतीय लई, भरत काय न्हाई."

नकाशावर वाड्यांचे ठिपके टाकले, तर सगळे काळे आले. नकाशाभर माश्या बसल्यासारखे दिसत होते. कारण साधं होतं. वाड्यांचा आकडाच नव्हता. रिकाम्या जागेला कुठला रंग द्यायचा ते संगणकाला कळेना, म्हणून त्यानं काळा दिला. तो बिचारा खरं सांगत होता, की मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेत पाहुण्यांना नकाशा दाखवायचा होता, आणि मला त्या काळ्या ठिपक्यांची लाज वाटली. मी एक ओळ लिहिली. जिथं रिकामं असेल, तिथं शून्य समज. एकच ओळ. शून्य खेपा म्हणजे पाण्याची तक्रार नाही. तक्रार नाही म्हणजे हिरवा. सगळ्या माश्या एका क्षणात उडाल्या आणि डोंगरभर हिरवे ठिपके उगवले. मी पंखा मोठा केला आणि समाधानानं मागं टेकलो.

फेब्रुवारीत मोबाईल घेऊन टेपावर गेलो. कोंडिबाच्या अंगणात सगळे जमले. भागावहिनींनी डोळे मिचकावत पडद्याकडं पाहिलं.

"आमचं नाव हाय व्हय ह्यात? वाचा बरं पुन्यांदा."

मी पुन्हा वाचलं. कोंडिबानं अंगठा धोतराला पुसला आणि ठिपक्यावर दाबला. नाव उमटलं. त्यानं पुन्हा दाबलं.

"हिरवा म्हंजी काय?"

"हिरवा म्हणजे पाणी आहे."

"मंग बराबर हाय. होळीपातुर असतंय."

"आणि मग?" वहिनींनी विचारलं. "वैशाखात? तवाबी हिरवाच का?"

"तेव्हा लाल होईल," मी म्हणालो. "लाल झाला की कचेरीत सगळ्यांना दिसेल. मग टँकर येईल."

"बघा हां गुर्जी," वहिनी म्हणाल्या. "न्हाईतर तुमच्या करवंटीवानी व्हायचं."

सगळे हसले. मीही हसलो. रस्ता आता टेपाच्या खांद्यापर्यंत झाला होता, टँकर तिथवर येऊ शकत होता, आणि मी शब्द दिला होता.

शाळेत नकाशा पाहून गेलेल्या तहसीलदार साहेबांनी मे महिन्यातल्या पाणीटंचाईच्या बैठकीत तो लावायला मला बोलावलं. भिंतीवर नकाशा, खाली लांब टेबल, कपांतल्या चहावर साय धरलेली. मी लॅपटॉपपाशी, हात माऊसवर. पट्टी सरकवली तशी गावं लाल होत गेली, आणि कुणीतरी "वा" म्हणालं. मग टेपाखालच्या गावचे ग्रामसेवक उठले.

"साहेब, टेपावरची माणसं दोनदा येऊन गेली. झरा आटलाय म्हणतात."

साहेबांनी भिंतीकडं पाहिलं. आजूबाजूला लाल, नारिंगी, आणि मधोमध टेपाचा ठिपका हिरवागार. "इथं तर काही दिसत नाही. सर, आकडे कुठले आहेत हे?"

त्याच क्षणी मला कळलं. ती ओळ माझ्या डोळ्यांपुढं आली, अक्षरासकट. मी नुसतं म्हणायचं होतं, 'साहेब, तो हिरवा खोटा आहे, चूक माझी आहे.' दहा सेकंदांचं काम. वीस-पंचवीस माणसं माझ्याकडं कौतुकानं बघत होती.

"सरकारी संकेतस्थळावरचे," मी म्हणालो.

"मग झालं तर. टँकर मोजकेच आहेत. लाल आधी घेऊ."

ग्रामसेवक खाली बसले. त्यांनी आणखी एकदा नकाशाकडं पाहिलं. मला वाटतं, त्यांनाही क्षणभर वाटलं असावं की वरच्या माणसांनीच वाढवून सांगितलं असेल. मी वाड्याचं नावच टाकलं नसतं, तर साहेबांनी विचारलं असतं, हा वाडा कुठं आहे, दाखवा. चौकशी झाली असती. माझ्या मायेनं त्यांना नकाशावर आणलं, आणि नकाशावर आले म्हणूनच ते दिसेनासे झाले.

उद्या जाऊन सांगू, असं मी ठरवलं. उद्या निकालाचं काम निघालं. परवा साहेब फिरतीवर होते. दुसरी सोय नव्हती असं नाही, मोबाईल होता. पण फोन उचलला की बोलायचं वाक्य तयार होईना. 'एक छोटी दुरुस्ती आहे' असं म्हणावं, तर ती छोटी नव्हती. 'तुमच्यासमोर मी खोटं बोललो' असं म्हणावं, तर जीभ उचलेना. नकाशा गुपचूप बदलावा, तर कुणीतरी विचारणार, परवा हिरवा होता, आज काय झालं? दाव्याला बांधलेलं जनावर खुंट्याभोवती फिरतं आणि स्वतःचंच दावं आखूड करून घेतं. तसे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी कोंडिबाचा फोन आला.

"गुर्जी, वैनी पडल्या."

झऱ्यानं ओंजळही देणं बंद केल्यावर टेपावरच्या बायका धरणाच्या पाण्यापर्यंत उतरत होत्या. रिकामा हंडा घेऊन उतरायचं, भरला घेऊन चढायचं. मुरमाची वाट. भागावहिनी साठीच्या पुढच्या. हंडा आधी गेला, मागं त्या. खुबा मोडला. घोंगडीच्या झोळीतून त्यांना खाली आणलं. दवाखान्यात मी गेलो, तेव्हा त्या गुंगीत होत्या. मी बिस्किटांचा पुडा उशाशी ठेवला आणि निघून आलो. पुढं पावसाळा लागला आणि पाण्याचा प्रश्न मिटला, असं सगळे म्हणाले.

शाळेत नकाशाबद्दल माझा सत्कार झाला. शाल, नारळ. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला आत कोंडून प्रत्येक टाळीला दाराची एकेक कडी बाहेरून लागत गेली. पूर्वी नुसतं चुकलोच होतो. आता त्या चुकीबद्दल मला शाल मिळाली होती. वर्षभर मी रोज नकाशा उघडत होतो. टेपाच्या ठिपक्यावर बोट ठेवायचो. नाव यायचं, खाली आकडा: शून्य. पट्टी कुठंही सरकवा. माझ्या नकाशात टेपावर बारमाही पाणी होतं.

कचेरीचा तो निरोप वाचल्यावर मी सुनंदाला सगळं सांगितलं. ती ऐकत गेली. शेवटी एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? उत्रोलीला जा."

भागावहिनी आता उत्रोलीला लेकीकडं असतात. टेप त्यांना चढवत नाही. भोरहून उत्रोली ती काय लांब, पण वर्षभर मी तो रस्ता टाळत होतो. भातखाचरांत पालापाचोळा जाळून राब भाजायचं चाललं होतं. धुराचा तो कडसर वास एसटीत भरला होता. वहिनी पडवीत खुर्चीवर होत्या, पुढ्यात वॉकर. समोर भिंत. डोंगर त्या भिंतीच्या मागं.

"या गुर्जी. वरीस झालं, वाट चुकला न्हवं?" मग हात दाखवून म्हणाल्या, "बगा, नळ हाय दारात. सोडला की पानी. आन मला त्या नळापातुर उठून जाता येत न्हाई. लेक घर सोडून भाईर गेली, की मी आपली नळाकडं बगत बसती."

मी सांगितलं. रिकामी जागा, शून्य, हिरवा रंग, बैठक, माझं ते उत्तर. जितकं सोपं करता आलं, तितकं सोपं करून, आणि काही न वगळता. सांगताना मी एक वाक्य दोनदा वापरलं, 'मला कळलं नाही.' त्या पदरानं वॉकरची दांडी पुसत राहिल्या.

"म्हंजी आमचं कुनी तितं नव्हतं, म्हनून तुमी आमाला काय नगं, असं धरलं."

"हो."

"तीन वर्सं पानी भरलंय तुमी हितं... न्हाई, तितं." त्या अडखळल्या. "ज्याचं मानूस आलं न्हाई, त्याच्या जागी काय ठिवत्यात?"

मी एसटीचं तिकीट बोटांत गुंडाळू लागलो.

"बोला की. पोरांना इचारता तसं इचारती म्या."

"दगड," मी म्हणालो.

"मंग? कळत न्हवतं म्हनू नगा. ठावं हुतं तुमाला."

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. चहा मात्र लेकीला टाकायला लावला, आणि निघताना म्हणाल्या, "टेपावर गेला तर माजी शेरडं बगून या. कोंडिबाकडं हायती."

घरी येऊन ती ओळ पुसली. जिथं रिकामं असेल, तिथं आता राखाडी रंग. बोट ठेवलं की 'माहीत नाही, कुणी विचारलेलं नाही' असं उमटतं. बदल केला आणि पडद्याकडं बघतच राहिलो. मी टेपाच्या एकाच ठिपक्याचं ओझं वर्षभर वाहत होतो. पण वेल्ह्याच्या बाजूचा जवळजवळ सगळा डोंगर राखाडी झाला होता. सगळीकडं दगडच दगड.

बैठकीत मी नकाशा लावायच्या आधी उभा राहिलो आणि गेल्या वर्षीचं सांगितलं. भागावहिनींचं नाव घेऊन सांगितलं. पंखे फिरत होते. ग्रामसेवक टेबलाकडं बघत होते. नकाशा लागल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "सर, मागचाच बरा होता. ह्यात निम्मा तालुका धुरात गेल्यासारखा दिसतोय." थोडं हसू झालं. साहेब हसले नाहीत. ते उठून भिंतीपाशी गेले.

"या राखाडीचं आता करायचं काय?"

"विचारायला जावं लागेल," मी म्हणालो.

"कोण जाणार?"

मी उभाच होतो. बसायचं राहून गेलं होतं.

तेव्हा सध्या शाळेला सुट्टी आहे आणि मी वाड्या-वाड्यांवर फिरतो आहे. नसरापूरहून मिळेल त्या जीपनं, पुढं पायी. हे प्रायश्चित्त वगैरे नाही. कडी आतून उघडत नाही, एवढं मला कळलं आहे. भागावहिनी त्या भिंतीसमोर आहेत आणि तिथंच राहणार आहेत.

काल सकाळी टेपावर होतो. रस्त्याच्या टोकाला टँकरच्या चाकांचे ओले माग होते. आठवड्यातून दोन खेपा सुरू झाल्यात. खेप नसते त्या दिवशी झराच. रांग होती. हंडे कमी, प्लास्टिकचे कॅन जास्त. मधे एक काळा, चपटा दगड. पांढरी रेघ मी लांबूनच ओळखली.

"कोंडिबा, हा अजून लावता?"

"लावायला नगं? शेरडं हायती की तिची. त्यास्नी पानी तिच्या दगडाचं." मग माझ्या हाताकडं बघून तो म्हणाला, "उचलू नगा."

मी उचलणार नव्हतो. मी त्या दगडाच्या मागं जाऊन बसलो. ऊन चढत गेलं, कॅन एकेक करून भरत गेले. दगडाची पाळी आली, तेव्हा कोंडिबानं करवंटी माझ्याकडं दिली आणि वहिनींचा हंडा पुढं सरकवला. त्याला एका बाजूला मोठा पोचा आला होता. खोबणीत पाणी इतकं थोडं, की करवंटी बुडेना; आडवी धरून टेकवावी लागत होती. मी टेकवत राहिलो. हात हलत होता, पण सांडू दिलं नाही.